श्रावणात दारू सोडणार असाल, तर आधी हे वाचा

आषाढ संपत आला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. "गटारीपर्यंत चालू द्या, श्रावणात सोडणारच आहेत," असं सांगणाऱ्या बायका येतात, आया येतात, कधी खुद्द पिणारेही येतात. सोबत औषधांच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट, शेजाऱ्यांनी सांगितलेले उपाय आणि "लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आहे" हा दिलासा. गैरसमज दरवर्षी तेच असतात, म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. इथलं उत्तर वाचून कुणी परस्पर गोळी सुरू करू नये आणि चालू असलेली बंदही करू नये.

वय ५२. रात्री जेवणासोबत एक ग्लास रेड वाइन घेतो, आपल्या नाशिकचीच. हृदयाला चांगली असते ना? (गंगापूर रोड)

हृदयासाठी म्हणून घेत असाल तर नका घेऊ. आवडते म्हणून घेता, एवढं मान्य केलंत तर प्रमाणाबद्दल बोलता येईल. जुन्या अभ्यासांत थोडी पिणारे हे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा ठणठणीत दिसायचे, पण त्या "न पिणाऱ्यां"मध्ये आजारपणामुळे पिणं सोडलेलेही मोजले गेले होते. दारू कर्करोगाला कारण होते, हे १९८८ पासून अधिकृत यादीत आहे; तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, बायकांमध्ये स्तन. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं की दारूचं सुरक्षित म्हणावं असं कोणतंही प्रमाण नाही. वाइनही त्यात आली. द्राक्षाचे गुण हवे असतील तर निफाड-दिंडोरी काही लांब नाही, द्राक्षं खा. बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर तुमच्या डॉक्टरांना हा "एक ग्लास" नेमका केवढा आहे ते मोजून सांगा. घरातले ग्लास मोठे असतात.

मुलगा म्हणतो, "मी दारू पीत नाही, फक्त बिअर." मुतखड्यावर डॉक्टरच बिअर सांगतात म्हणे. खरं का?

बिअर ही दारूच आहे. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत साधारण ४० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये १० ग्रॅम. म्हणजे एक बाटली म्हणजे चार पेग, दोन बाटल्या म्हणजे आठ. मुतखड्याला पाणी भरपूर प्यावं, सोनोग्राफी करावी आणि युरॉलॉजिस्टला दाखवावं. बिअर सांगणारे ते डॉक्टर कोण, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मिस्टर अंबडला कंपनीत फिटर आहेत. रोज दीड-दोन क्वार्टर लागते, अलीकडे सकाळी कामावर जाण्याआधीही थोडी. दरवर्षी श्रावणात महिनाभर थेंब घेत नाहीत. गेल्या वर्षी मात्र दुसऱ्या दिवसापासून घाम आणि थरथर, तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. पलंगावर बसून हवेतच नट आवळत होते, मला "तेरा-चौदाचा पाना दे" म्हणत होते. सासूबाईंनी उतारा टाकला, एका जाणत्याला बोलावलं. चौथ्या दिवशी जवळच्या दवाखान्यात दोन सलाइन लावल्या, मग हळूहळू उतरलं. यंदा सप्तशृंगी गडावर जाऊन शपथ घेऊन कायमची सोडणार म्हणतात. मी काय काळजी घेऊ? (सिडको)

ताई, बाकीचे प्रश्न नसते आले तरी तुमच्या एका पत्रासाठी हे लिहायला बसले असते. उत्तर लांब आहे, पूर्ण वाचा. शक्य असेल तर मिस्टरांना आणि सासूबाईंनाही वाचायला द्या.

गेल्या वर्षी झाली ती बाहेरची बाधा नव्हती. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटल्यावर मेंदूची जी अवस्था होते, तिला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. दिवस-रात्र कळत नाही, माणूस ओळखू येत नाही, किडे-मुंग्या-साप दिसतात, आणि कित्येक जण आपलं रोजचं काम हवेतच करत बसतात. ड्रायव्हर गिअर टाकतो, शिंपी सुई ओवतो, तुमचे मिस्टर नट आवळत होते. बघणाऱ्याला हसू येतं किंवा भीती वाटते. आत मात्र नाडी धावत असते, रक्तदाब चढलेला असतो, ताप येतो, अंगातलं पाणी आणि क्षार घटतात. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावतो. तुमचे मिस्टर वाचले ते उताऱ्यानं नाही, आणि दोन सलाइननंही नाही. नशिबानं वाचले.

असं का होतं? दारू मेंदूला सुस्त करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या सुस्तीवर मात करायला स्वतःला जास्त उत्तेजित ठेवायला शिकतो. शेजारी मिक्सर चालू असला की आपण जसे चढ्या आवाजात बोलतो, तसं. मिक्सर पटकन बंद झाला की आपण एकटेच ओरडत असल्याचं लक्षात येतं. फरक एवढाच की आपण लगेच आवाज खाली आणतो, मेंदूला त्यासाठी काही दिवस लागतात. तेवढे दिवस धोक्याचे.

या धोक्याला वेळापत्रक असतं. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आयुष्यात कधी न आलेल्यालासुद्धा. आणि दुसऱ्या दिवसाच्या शेवटापासून चौथ्या दिवसापर्यंत ही भ्रमाची अवस्था. आपल्याकडे नेमकं उलटं समजतात. पहिला दिवस काढला की घरचे म्हणतात, "सुटली, बरं झालं," आणि तिसऱ्या रात्री सगळे गाढ झोपलेले असतात. गटारीला नेहमीच्या दुप्पट पिऊन दुसऱ्या दिवसापासून एकदम शून्य, ही तर आजाराला आमंत्रणाची पत्रिका देणं झालं.

ज्याला एकदा हे झालं, त्याला पुढच्या वेळी पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, आणि बहुतेक वेळा ते आधीपेक्षा जोरात होतं. म्हणून यंदाचा श्रावण तुमच्या घरी गेल्या वर्षीपेक्षा धोक्याचा आहे. शिवाय आता सकाळीही लागते आहे. ती चैनीसाठी लागत नाही. रात्रीची उतरल्यावर सुरू होणारी थरथर थांबवायला लागते.

तर काय करायचं? अमावास्येच्या आधी त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. खासगीत परवडत नसेल तर त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. डॉक्टरांनी तपासेपर्यंत एकदम बंद करू नका. मी पाजायला सांगते आहे असा अर्थ कुणी काढू नये. मी फक्त बंद करण्याची जागा बदलायला सांगते आहे, घराऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तुमच्या मिस्टरांना दाखल करावं लागेल असंच मला पत्रावरून वाटतं, पण ते तपासूनच ठरेल. तिथे सुरुवातीला झोपेच्या गटातल्या गोळ्या देतात आणि साधारण आठवडाभरात कमी करत बंद करतात. त्या गोळ्या मेडिकलमधून आणून घरी देऊ नका. दारूवर पडल्या तर श्वास मंदावतो.

दुसरी गोष्ट जीवनसत्त्व बी-१ ची. पिणाऱ्याच्या शरीरात ते संपत आलेलं असतं. अशा माणसाला आधी बी-१ न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवलं, तर उरलंसुरलंही संपतं. मग डोळे तिरळे होतात, चाल डगमगते, गोंधळ वाढतो, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते. "अशक्तपणा आहे, दोन बाटल्या लावा" असा आग्रह रुग्णाचे नातेवाईकच धरतात आणि कोपऱ्यावरचा दवाखाना तो पुरवतो. सलाइन लावणाऱ्याला तुम्ही आधी सांगितलं पाहिजे: हे रोज पितात, शेवटची अमुक वाजता घेतली. लाजायचं नाही. हाड मोडून किंवा अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी दाखल झालेले कितीतरी जण पिण्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. तिसऱ्या रात्री वॉर्डात सलाइन उपटून पळायला लागतात, तेव्हा घरचे मान खाली घालून सांगतात. तोवर दोन दिवस वाया गेलेले असतात.

आणि रात्री-बेरात्री काही झालंच तर १०८ ला फोन करा. खोलीत दिवा चालू ठेवा, ओळखीचं एकच माणूस जवळ बसू द्या. बांधू नका, कोंडू नका. फिट आली तर एका कुशीवर वळवा. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा-चप्पल नको.

गडावर जाण्याला माझा अजिबात विरोध नाही. शपथ घेऊन, माळ घालून वर्षानुवर्षं न प्यायलेली माणसं मी पाहिली आहेत. सप्तशृंगीच्या पायऱ्या आठ-दहा दिवस उपचार घेऊन, हात स्थिर झाल्यावर चढल्या तर शपथेला कमीपणा येत नाही. शपथ मनाला बळ देते, थरथरणाऱ्या मेंदूला गोळीच लागते. नंतर पिण्याची ओढ कमी करणारी औषधं आणि समुपदेशन बराच काळ चालू ठेवावं लागतं.

एक राहिलंच. "श्रावण पाळतात, म्हणजे व्यसन नाही," हा पुरावा मला दरवर्षी दाखवला जातो. महिनाभर कॅलेंडरकडे बघत दिवस मोजणं आणि श्रावण संपल्या संध्याकाळी दुकानात रांग लावणं, हे व्यसनच आहे. जो फक्त महिन्यातून एकदा-दोनदा घेतो, त्याला यातलं सहसा काही होत नाही. रोज पिणाऱ्यानं, सकाळी लागणाऱ्यानं, पूर्वी फिट आलेल्यानं, कावीळ झालेल्यानं मात्र एकट्यानं सोडण्याचं शौर्य दाखवू नये.

रात्री एक पेग घेतला की झोप चांगली लागते. नुसती झोपेसाठी घ्यावी का?

नाही. झोप लवकर लागते पण मोडकी असते, पहाटे तीनला जाग येते. निद्रानाश असेल तर त्याचं कारण शोधायला डॉक्टरकडे जा.

"नकळत दारू सोडवा" अशी जाहिरात बघून पावडर मागवली. दोन महिने भाजीत मिसळते आहे, फरक नाही. कंपनीची बाई फोनवर डोस वाढवा म्हणते. वाढवू का? (नाशिकरोड)

आज, आत्ता बंद करा. ती फोनवरची बाई डॉक्टर नाही, ती विक्री करते.

अशा पुडीत दोनपैकी एक असतं. एक तर कसलीतरी निरुपयोगी भुकटी, म्हणजे फक्त पैसे गेले. नाहीतर डायसल्फिरामसारखं खरं औषध, न सांगता घातलेलं. हे दुसरं जास्त वाईट. डायसल्फिराम पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळतो. हृदयविकाराच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. त्याचा परिणाम शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. आम्ही हे औषध वापरतो, पण तपासण्या करून, रुग्णाला आणि घरच्यांना सगळं समजावून, रुग्णाच्या संमतीनं. ज्याला आपण औषधावर आहोत हेच ठाऊक नाही, तो त्या रात्री मित्रांबरोबर बसणारच. पुडी फेकू नका, पाकिटासकट घेऊन या. आणि हे त्यांना एक दिवस कळणार, तेव्हा तुमच्या हातचा चहाही ते घेणार नाहीत, मग गोळी कुठून घेतील?

गेली १५ वर्षं पितो. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल आहे, लिव्हर टॉनिकही चालू आहे. काळजी नाही ना?

आहे. यकृताची दुखापत वर्षानुवर्षं गुपचूप चालते. सिरोसिस, म्हणजे यकृत कायमचं कडक झाल्यावरसुद्धा हा आकडा नॉर्मल येऊ शकतो. टॉनिक घेत पीत राहणं म्हणजे फक्त टॉनिकवाल्याचा फायदा. फिजिशियनकडून पोटाची सोनोग्राफी, प्लेटलेट्स आणि गरज वाटली तर फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करून घ्या. पायावर सूज, पोट फुगणं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी यांतलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दोन-दोन रात्री झोपत नाही, मग दिवसभर पडून असतो. वजन उतरलं, सारखा जबडा चावतो, आम्ही त्याच्यावर पाळत ठेवतो म्हणून चिडतो. बॅगेत एकदा पांढरी पावडर सापडली, एकदा गोळ्यांची अर्धी स्ट्रिप. मेडिकलमधलं लघवी तपासायचं किट निगेटिव्ह आलं. पोलिसांचं लचांड लागेल म्हणून हे डॉक्टरकडे न्यायला तयार नाहीत. (इंदिरानगर)

तुम्ही लिहिलेली लक्षणं एमडीसारख्या उत्तेजक पदार्थाशी जुळतात. एमडी म्हणजे मेफेड्रोन. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात त्याचा कारखानाच सापडला, तेव्हा "आपल्याकडे असलं काही नसतं" हे म्हणणं आता सोडायला हवं. यात भूक आणि झोप जाते, नाडी आणि रक्तदाब वाढतो, संशय बळावतो, भास होतात, आणि उतरल्यावर इतकी उदासी येते की जीव द्यावासा वाटतो. त्या दिवसांत मुलाला एकटं सोडू नका. मात्र हीच लक्षणं दुसऱ्या मानसिक आजारातही दिसतात, म्हणून निदान पत्रावरून नाही, तपासूनच. साध्या किटमध्ये एमडी धरला जाईलच असं नाही, त्यामुळे त्या निगेटिव्हचा आधार घेऊ नका.

गोळ्यांची स्ट्रिप बघून नाव लिहून ठेवा. मालेगावकडे "कुत्ता गोळी" म्हणतात ती बहुधा अल्प्राझोलाम असते, चिंता-झोपेसाठीचं औषध. एमडीची चढलेली उतरवायला पोरं ती घेतात. रोज घेणाऱ्याकडून ती हिसकावून एकदम बंद केली तर दारूसारखीच फिट येऊ शकते. वर फिटर दादांच्या उत्तरात सांगितलं तेच इथेही: जप्ती आधी आणि डॉक्टर नंतर, असं करू नका.

पोलिसांबद्दल. उपचाराला आलेल्या माणसाची माहिती गोपनीय ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातच, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देणारं कलम आहे, ६४-अ. नेमकं तुमच्या बाबतीत कसं लागू होईल ते वकिलांना विचारा, पण त्याची वाट बघत उपचार थांबवू नका. घरात पावडर जपून ठेवण्यात जास्त लचांड आहे.

सिंहस्थात साधू राजरोस गांजा ओढतात, त्यांना काही होत नाही. वनस्पतीच तर आहे.

धोतराही वनस्पतीच आहे. साधूंच्या तपासण्या तुम्ही केल्या आहेत का? विशीच्या आतल्या मुलांत नियमित गांजानं भास-संशयाचा आजार जडण्याचा धोका वाढतो, घरात कुणाला तसा आजार असेल तर आणखी. मुलगा ओढत असेल तर घेऊन या.

एका व्यसनमुक्ती केंद्राचे लोक गाडी घेऊन येतात, झोपेतून उचलून नेतात. सहा महिने भेट नाही, "शंभर टक्के गॅरंटी" म्हणतात. दिराला पाठवावं का? (सिन्नर)

गॅरंटी फ्रिजची असते. व्यसन पुन्हा उलटू शकतं हे जो आधी सांगत नाही, त्याच्याकडे माणूस सोपवू नये.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक आजार येतात. म्हणून अशा केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्र भिंतीवर मागा. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर एक मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि तेही ३० दिवसांपर्यंतच. पुढे वाढवायचं तर वेगळी प्रक्रिया आहे. झोपेतून उचलून नेणं त्यात कुठेच बसत नाही. विचारा: रात्री डॉक्टर असतात का? पहिल्या आठवड्यात फिट आली तर कुठे नेता? घरच्यांना फोन, भेट, समुपदेशन आहे का? तिसऱ्या प्रश्नाला फाटे फुटले तर परत फिरा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून कुटुंबाला सोबत घेऊन काम करतं आहे, तेव्हा कोंडल्याशिवाय जमत नाही ही सबब चालणार नाही. कुठे जावं ठरत नसेल तर केंद्र सरकारच्या १४४४६ या मोफत हेल्पलाइनवर किंवा टेलीमानसच्या १४४१६ वर विचारा. मराठीत बोलता येतं.

नवरा यायलाच तयार नाही. मी एकटीनं आले तर चालेल का?

चालेल, नक्की या. सुरुवात बहुतेक घरांत अशीच होते. तुमच्या जिवाला किंवा मुलांना मारहाणीचा धोका असेल तर ते आधी सांगा, बाकी नंतर. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा पिणाऱ्यांसाठी असतात, घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या. दोन्हीकडे फी नसते. येताना एका कागदावर लिहून आणा: रोज किती, कोणती, सकाळी लागते का, कधी फिट आली का, शेवटची कधी घेतली, दुसरी कोणती औषधं चालू आहेत. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, नावं तोंडपाठ नसली तरी चालेल. जिल्हा रुग्णालयात जाणार असाल तर सकाळी लवकर केस पेपर काढा, सोमवारी रांग फार असते.